डावी बाजू

टॉड खाली पडला तशी डोरीन झालेव्स्की ताडकन उभी राहिली. मागच्या माणसाने तिला बसायला सांगितलं, त्याला खेळ दिसत नव्हता. खेळ तिलाही दिसत नव्हता. तिला फक्त आपल्या पोराचा उजवा गुडघा दिसत होता. मागच्याच आठवड्यात तो मुरगळला होता.

अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या शाळांच्या अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना होता. पोलादाचा कारखाना बंद पडल्यापासून गावाला मिरवायला हा एक संघच उरला होता, आणि संघ म्हणजे ब्रेंट कॅल्डवेल. तो क्वार्टरबॅक. चाल पुकारणार तो, चेंडू फेकणार तो, न्हाव्याच्या दुकानात फोटो त्याचा. चेंडू फेकताना ब्रेंटची पाठ डावीकडे वळायची. त्या न दिसणाऱ्या बाजूने त्याच्यावर धावून येणाऱ्या धिप्पाड पोरांना छातीवर घ्यायचं, हे टॉडचं काम. चेंडूला हात लावायची पाळी त्याच्यावर कधी आलीच नव्हती.

कॉफीच्या हॉटेलात यावरून रोज जुंपायची. डोरीनचा नवरा जेरी म्हणायचा, अजिंक्यपद अकरा जण मिळवतात. बाकीचे हसायचे. ‘बाकी दहा कुठेही मिळतील, जेरी, ब्रेंट कुठून आणशील?’ असं विचारायचे. जेरी ते घरी येऊन सांगायचा आणि डोरीन भांडी जरा जोरातच ठेवायची.

आणि आज नेमकी शेजारी येऊन बसली होती ब्रेंटची आई, लिनेट. कोटावर मुलाच्या फोटोचा बशीएवढा बिल्ला. येणारा-जाणारा तिच्याशी हात मिळवत होता. डोरीन तिच्याशी दोन शब्दांपलीकडे बोलली नव्हती.

टॉड लंगडत मैदानाबाहेर गेला. त्याच्या जागी दुसरा पोरगा आला आणि पुढच्याच चालीत ब्रेंट पाठीवर आपटला. लिनेटने डोळे गच्च मिटले. ‘आता कळू दे सगळ्यांना,’ डोरीनच्या मनात आलं, आणि लगेच तिची तिलाच लाज वाटली. ब्रेंट उठला. पण डोरीनचा जीव काही जागेवर येईना. ती हातमोजे काढत होती, पुन्हा घालत होती. खाली कुणीतरी टॉडच्या गुडघ्याला पट्टी आवळत होतं. प्रशिक्षकाने वाकून काहीतरी विचारलं. टॉडने होकारार्थी मान हलवली.

"नको जाऊस रे," ती पुटपुटली.

तो गेला. तिला प्रशिक्षकाचा राग आला, गावाचा आला, आणि सगळ्यात जास्त शेजारच्या बाईचा. तिच्या लेकासाठी आपला लेक पाय मोडून घ्यायला निघाला होता.

संघ चार गुणांनी मागे होता आणि एकाच फेकीपुरता वेळ उरला होता. ती फेक पलीकडच्या टोकाला कुणी झेलली, तरच सहा गुण मिळून सामना हाती येणार होता. चाल सुरू झाली. समोरचा पोरगा मुसंडी मारून आला. टॉडने त्याला छातीवर घेतलं. गुडघा वाकला, टॉड मागे घसरत गेला, पण पडला नाही. त्याच्या पाठीमागून चेंडू कधी सुटला, कुठे गेला, हे डोरीनला कळलंच नाही. मग एकदम गर्जना उठली. सगळं स्टेडियम उभं राहिलं, आपल्या बाजूचा बँड वाजायला लागला, लोक परक्यांच्या गळ्यात पडू लागले. टॉड गवतावर बसला होता आणि ब्रेंट त्याला हात देऊन उठवत होता.

"काय झालं?" डोरीनने विचारलं. "पकडला का कुणी?"

"जिंकलो बहुतेक. मी नाही बघितलं." डोरीनची बाही लिनेटने केव्हापासून घट्ट धरून ठेवली होती. "गेल्या वर्षी तुझा टॉड तापाने घरी होता ना, त्या दिवशी ब्रेंटला मागून धडक बसली. हॉस्पिटलात शुद्धीवर आल्यावर मला म्हणाला, बाई, तुम्ही कोण? तेव्हापासून मी चेंडूकडे बघतच नाही, डोरीन. सामनाभर तुझ्या टॉडकडे बघत असते."