डबल बेल

"जन्मभर तुम्ही एसटीत राहिलात. आता मलाही बसमध्येच संसार करायला लावताय!" मालनबाई फणकारल्या आणि मागच्या इवल्याशा ओट्याकडे तोंड करून बसल्या.

धोंडीराम ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले. ड्रायव्हरकीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी बस घेऊन तिचं घर केलं होतं. आत पलंग, शेगडी, छतावर पाण्याची टाकी, खिडक्यांना मालनबाईंच्याच जुन्या साड्यांचे पडदे. त्यांनी इंजिन सुरू केलं. शेजाऱ्यांनी निरोपाचे हात हलवले. हलवून हलवून हात दुखले, तरी बस जागची हलेना.

"अहो, बिघडली की काय?"

"बिघडली नाही गं. पण कंडक्टरची डबल बेल मिळाल्याशिवाय क्लचवरचा पाय निघतच नाही माझा. सवय!"

मालनबाईंना हसू आवरेना. त्यांनी पळी उचलून डब्यावर दोनदा वाजवली. टण् टण्! बस निघाली.

गाव मागे पडलं, पूल आला आणि मागून एकदाच टण् झालं. धोंडीरामांनी करकचून ब्रेक मारला. "काय गं, कोण उतरतंय?"

"आपण दोघं! चहा इथं नदीकाठी टाकते."