एकही सुरकुती नको

"आई, कुणाचं तरी कणीस करपलंय," मागच्या सीटवर उड्या मारता मारता इरा म्हणाली.

मी काच खाली केली. बाहेर नुसतं धुकं. कणसांची शेगडी सोडाच, साधी चहाची टपरीही दिसत नव्हती. वास मात्र प्रत्येक वळणावर आमच्यासोबत वळत होता.

सकाळी पुण्याहून निघायचं, घाट उतरून समुद्रकाठी मासे खायचे, एवढाच बेत होता. घाटमाथ्यावर श्रीनाथने नेहमीसारखी गाडी न्यूट्रलला टाकली. "उतारावर पेट्रोल कशाला जाळायचं?" हे त्याच्या वडिलांचं वाक्य. त्यावर वाद घालणं मी लग्नानंतर वर्षभरातच सोडलं होतं. माथ्यापासून नुसत्या ब्रेकवर गाडी उतरवत तो आम्हाला धुक्यातून दिसतील ते धबधबे दाखवत होता.

बोलता बोलता त्याने ब्रेक दाबला, पुन्हा दाबला, आणि त्याचा पाय थेट खाली टेकला. मग तो गिअर टाकायला लागला. गिअर पडेना.

"बाबा, अजून जोरात!" इराने टाळ्या पिटल्या.

"तिला बेल्ट लाव," तो म्हणाला. मागे बसणाऱ्याला बेल्ट लावायला त्याने आजवर कधी सांगितलं नव्हतं.

मी दोन सीटांमधून मागे वाकले, इराला खाली बसवलं, पट्टा ओढला आणि बक्कल शोधू लागले. ते दसऱ्याला घातलेल्या नव्या सीट कव्हरखाली होतं. रेक्झिन इतकं ताणून बसवलेलं की बोटसुद्धा आत शिरेना.

"एकही सुरकुती नको," असं आम्ही दोघांनीच त्या कारागिराला बजावलं होतं.