शिल्लक वय

डॉ. हेमांगी टिळेकर जागी झाली, तेव्हा शीतनिद्रा विभागाच्या कारकुनाने तिला आधी विद्यापीठाची जाहिरात दाखवली: दगडफुलांवरील संशोधन, नेमणूक अकरा महिन्यांची, वयोमर्यादा पस्तीस. झोपेतला काळ नियमानुसार वयात धरला जात नसे. हेमांगीची पस्तिशी उलटायला एकच दिवस शिल्लक होता. तिच्या विषयातली जागा निघायला मात्र सव्वीस वर्षे लागली होती.

शेजारच्या खुर्चीत पिकल्या केसांचा एक गृहस्थ बसला होता. "ताई," त्याने हाक मारली, तेव्हा कुठे तिने धाकट्या भावाला, श्रीरंगला, ओळखले.

"आई कुठेय?"

"आई जाऊन आठ वर्षं झाली. तुला उठवायला आलो होतो गं. यांनी तुझ्याच सहीचा कागद पुढे केला. जाहिरातीखेरीज उठवू नये."

तिला रडूही येईना. कारकून खाकरला. "मॅडम, मुलाखत पुढच्या सोमवारी आहे. उरलेला दिवस त्यासाठीच राखायला हवा, तोवर झोपावं लागेल. इथे सही करा. आणि आणखी कोणत्या कारणासाठी उठवायचं, तेही या वेळी लिहून ठेवा."

तिने थोडा विचार करून लिहिले: 'भावाचे निधन.'

श्रीरंगने ते वाचले. "मी मेल्यावर उठून काय करशील? आज घरी चल. माझ्या लेकीने तुला जागं असं कधी पाहिलेलंच नाही."

हेमांगीने त्याचा सुरकुतलेला हात बराच वेळ धरून ठेवला. मग तिने कारकुनाला विचारले, "जागी झाल्यापासून किती मिनिटं गेली?"

"सतरा."

तिने हात सोडला.