खिचडीच्या खोलीत

शाळेत कंधारहून येणाऱ्या मॅडमला रीतभातच न्हाई, असं प्रयागबाईचं मत. तीस एकरवाल्या घरची आपली नात दीपमाला, तिला ही बाई खिचडीच्या खोलीत डाळ निवडायला बसवते म्हणे! वीज पडून आई गेल्यापासून पोर मुकी झालेली. विसर पडावा म्हणून प्रयागबाईनंच घरात हुकूम सोडला होता, "गेलेलीचं नाव कुणी काढायचं न्हाई." आज दुखरे गुडघे ओढत ती भांडायला आली अन् दारातच थबकली. मॅडम अन् दीपमाला एकाच सुपातले खडे वेचत होत्या. पोर मान खाली घालून बोलत होती, "आई वरणात लसूण लई घालायची. आजी ओरडायची, तरी घालायची." मॅडम नुसतं "हं" म्हणत होत्या. उंबऱ्यावर टेकत प्रयागबाई म्हणाली, "चुकलंच तुमचं, मॅडम. मलाबी बोलवायचं व्हतं. सून माझी व्हती. कुणापाशी बोलू मी?"