खाकी कागदावरची सही

“इथे सही कर, जावईबापू,” तिच्या दादाने खाकी कागदाचा कोपरा दाखवला आणि खिशातलं हिरव्या शाईचं पेन पुढे केलं.

तिच्या नवऱ्याने कागद मांडीवर धरून सही ठोकली. नेहमीसारखीच, गांडूळ शाईत बुडवून सोडल्यासारखी. तीस वर्षांत ती सही कुणाच्या बापाला वाचता आली नव्हती. त्या सहीखाली दादाने आपली सही केली, तारीख घातली आणि तारखेखाली रेघ ओढली. हेडमास्तर निवृत्त होतो, रेघ होत नाही. मग दोघांनी मिळून तो कागद व्हरांड्यात अमेरिकन मोटारसायकलच्या पोटाखाली सरकवला.

पैज साधी होती. सकाळी सहाला कागद कोरडा निघाला, तर दादाने त्या गाडीला पुन्हा कधी म्हैस म्हणायचं नाही. तेलाचा एक थेंब जरी दिसला, तर गाडी विकायची. गिऱ्हाईक दादाने बघूनच ठेवलं होतं. ते दहाला येणार होतं.

“थेंब?” नवरा हसला. “अकरा वर्षं रोज सकाळी गाडीखालचा कागद बघतोय मी, मास्तर. डाग म्हणून नाही. अमेरिकन लोखंड आहे ते. तुमच्या जपानी शिवणयंत्रासारखं नुसतं फरफर करत नाही.”

“शिवणयंत्राला नावं ठेवायची नाहीत हं,” ती आतून म्हणाली. साऱ्या गल्लीचे कपडे तीच शिवायची. “माझं मशीन आजवर कधी ढकलत घरी आणावं लागलेलं नाही.”

दादाला हसताहसता ठसका लागला.

दर रविवारी हेच चालायचं. दादा म्हणायचा, माझी जपानी गाडी एका बोटात चालू होते. नवरा म्हणायचा, पंखापण एका बोटात चालू होतो, म्हणून कुणी त्याच्यावर बसून फिरत नाही. दादा म्हणायचा, तुझ्या गाडीचा पार्ट यायला दोन महिने लागतात. नवरा म्हणायचा, थोरामोठ्यांची वाट बघावीच लागते. चहा तीनदा व्हायचा. निकाल एकदाही लागला नव्हता.

कागदाचं गुपित मात्र एकट्या तिच्याकडे होतं. गाडी घरी आली त्या आठवड्यात खाली बशीएवढं तेलाचं डबकं बघून नवरा दिवसभर जेवला नव्हता. दुसऱ्या दिवशी ती पाचलाच उठली. चिंध्यांनी फरशी पुसली, इंजिनाचं बूड पुसलं आणि कपडे बेतायच्या खाकी कागदाच्या गुंडाळीतून एक कोरा तुकडा कापून खाली अंथरला. सहाला नवरा बाहेर आला, वाकला, आणि घरभर ओरडत फिरला, “एक थेंब नाही!” तेव्हापासून रोज. महिन्यातून दोनदा नरसाळं लावून तेलाची भरही तीच घालायची. डबा कटपीसच्या गाठोड्यामागे होता.

पण मागच्या महिन्यात वळणावर गाडी त्याच्या पायावर आडवी झाली. चार माणसांनी उचलली तेव्हा पाय सुटला. गुडघा अजून नीट वाकत नव्हता. तिनेच मग भावाला फोन केला. “दादा, ती गाडी घरातून घालव. माझं ऐकायचे नाहीत ते.” दादाने पैज काढली आणि पंच म्हणून मुक्कामालाच आला.

आता तिला काहीसुद्धा करायचं नव्हतं. फक्त पाचला उठायचं नव्हतं.

पाचला तिला जाग आली. कूस बदलली. पट्ट्या बांधलेला पाय स्टुलावर ठेवून हेडलाईट पुसत बसलेला नवरा डोळ्यांसमोरून हलेना. गाडी गेल्यावर रविवारी ही दोघं काय बोलणार? आपापल्या गोळ्यांबद्दल?

“मरो ती म्हैस,” असं पुटपुटत ती उठली. कात्री घेतली, कागद कापला. नवऱ्याची सही तिला येत होती. लेकीच्या प्रगतिपुस्तकावर कितीदा केली होती. दादाची रेघ पट्टीने मारता आली असती.

व्हरांड्यात जाऊन ती वाकली. कागद कोरडा होता.

क्षणभर तिला अमेरिकेबद्दल आदरच वाटला. मग कागदाची कड दिसली. हाताने फाडलेली, वाकडीतिकडी. तिने जन्मात कधी कागद हाताने फाडला नव्हता. खाली दादाची सही होती, तारखेसकट, रेघेसकट. आणि वर नवऱ्याची. सुटं सुटं, वळणदार, फळ्यावर गिरवून दिल्यासारखं एकेक अक्षर. पहिल्यांदाच ती सही वाचता येत होती.

तिने मान वर केली. दारात दादा उभा होता. त्याने काळीकुट्ट बोटं पाठीमागे नेली.

“तुला नाही का झोप लागली?” तो म्हणाला.

ती काही बोलणार तेवढ्यात नवरा लंगडत बाहेर आला. गाडीच्या सीटचा आधार घेऊन, गुडघा सांभाळत, तो वाकला.

“हरलो बाबा,” दादाने घाईघाईने सांगून टाकलं. “गिऱ्हाइकाला नको म्हणून कळवतो. तेलाचं मिटलं. आता ब्रेकचं बोलू.”

नवरा वाकलेलाच राहिला. त्याने कागद उचलला, उजेडाकडे धरला. कोपऱ्याकडे बराच वेळ बघत राहिला. ‘एक थेंब नाही’ असं आज तो ओरडला नाही.

“सही माझीच आहे,” तो म्हणाला. विचारलं कुणीच नव्हतं.

मग कागदाची घडी घालत, तिच्याकडे न बघता म्हणाला, “आणि उद्यापासून तू सहापर्यंत झोपत जा गं. कागद मी बदलत जाईन.”