कपाला न लागणारा रंग

शेजारच्या रुबीनानं रिकामा कप खिडकीशी नेऊन उजेडात धरला. काठ गोल फिरवून पाहिला. कुठंच लाल लागलेलं नव्हतं.

"बाप्पा! जमलं वं भाभी तुले," ती म्हणाली. तिचे ओठ चहाच्या आधी होते तसेच लालभडक होते. "पूरा कप पिली, दोन टोस्ट खाल्ले. हलला नाही रंग."

पौर्णिमानं आपल्या ओठांवर ओला रुमाल दाबला. रुमालावर जेमतेम गुलाबी झाक उमटली. बिटाचा रंग पाण्याच्या एका घोटात निघून जायचा. आजही तिनं आधी बीटच किसून पिळलं होतं, चोथा अजून ताटलीत पडला होता. मग रतनजोताच्या मुळ्या कोमट तेलात मुरवल्या, गाळल्या, मेण थोडं वाढवलं. आणि बसला रंग.

"पोटात गेला तं?"

"काही होत नाही. सगळं झाडपाल्याचंच आहे. लेकरानं चाटलं तरी चालते." गिऱ्हाइकांना सांगायचं वाक्य तिच्या तोंडात तयार होतं.

"मंग माह्या भावाच्या लग्नात साऱ्या पोरींले हेच. रेवूलेही लावतो."

लेकीचं नाव निघालं तसं पौर्णिमाच्या लक्षात आलं की अंगणातून आवाज येत नाही.

"रेवू कुठं आहे?"

"खेळून राहिली ना मघापासून. माही झोया पळत होती, तिच्यामागं ते."

"पळत होती?"

रुबीनाचं हसू विझलं. "थोडुशीच वं."

रेवूच्या हृदयाला जन्मापासून भोक होतं. ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरलं होतं. तोवर डॉक्टरांनी एकच काम दिलं होतं : ओठांवर नजर ठेवा. निळे दिसले की गुडघे छातीशी दाबून धरा आणि तसंच उचलून आणा. पौर्णिमा तेव्हापासून ओठच पाहत होती. जेवताना, टीव्हीसमोर, झोपेत टॉर्च मारून. लोक पोरीच्या डोळ्यांकडं बघून बोलत, ती ओठांकडं. वलगावपासून अमरावतीचा दवाखाना काही लांब नाही, असं सगळे म्हणत. पौर्णिमाला मधला एकेक गतिरोधक पाठ होता.

अंगणात झोया एकटीच दगड मांडत बसली होती. तिनं नुसतं घरामागं बोट दाखवलं.

रेवू पाण्याच्या ड्रमाआड उकिडवी बसली होती. फ्रॉक गुडघ्यांवरून थेट जमिनीपर्यंत ओढलेला. हातात नमुन्याची छोटी डबी, उघडी. आणि ओठ लाल. कडेनं गालापर्यंत लाल.

"हे काय केलं?"

"लावलं." मधे श्वास घेऊन ती म्हणाली, "तू लावते तसं."

पौर्णिमानं अंगठ्यानं पुसलं. मग ओढणीनं. मेण निघालं, लाली राहिली. रुबीना खोबरेल तेल घेऊन धावत आली, तेही चोळलं. ओढणी रंगली, ओठ लालच. ती आणखी जोरानं घासू लागली.

"दुखते ना आई!"

"नखं दाखव."

रेवूनं दोन्ही पंजे लगेच पुढं केले. फारच लगेच. दहाही नखं मेंदीनं गच्च भरलेली.

"कालच लावली मी," रुबीना हळूच म्हणाली. "तेच मांगं लागली. म्हणे, खाला, नखाईवर लाव, पूरे झाकून टाक. मले वाटलं, हौस हाये लेकराले."

"जीभ काढ, रेवू. आ कर."

जीभ बाहेर आली. तीही लाल. दातांच्या फटीत बिटाचा चोथा अडकला होता.

पौर्णिमा तिच्यासमोर मातीत बसली. उन्हात उभ्या भिंतीसमोर पोरीचा चेहरा रंगवलेल्या बाहुलीसारखा दिसत होता, आणि त्या चेहऱ्यावर वाचायला काही उरलं नव्हतं. नाकपुड्या मात्र फुलत होत्या, मिटत होत्या, फुलत होत्या.

"काहून केलं बाळा असं?" तिनं आवाज सांभाळत विचारलं.

रेवूनं तिच्याकडं नीट निरखून पाहिलं. आई तिच्याकडं पाहायची, अगदी तसंच.

"निळे दिसले का तू भेते," ती म्हणाली. श्वास घेतला. "आता नाई ना दिसत?"

"नाही दिसत."

"मंग भेऊ नको."

"नाही भेत. उठ बरं, घरात चल."

"नाई." रेवूनं फ्रॉकची कड मुठींनी जमिनीशी दाबून धरली. "मी अशीच बसतो."

पौर्णिमानं एकेक करून तिची बोटं सोडवली आणि कड वर उचलली.

चपला नव्हत्या. धुळीत दोन पावलं जुळवून ठेवलेली होती आणि दहाही नखं पिकल्या जांभळाच्या रंगाची होती.

"रुबीना, स्कुटी काढ!"

तिनं पोरीला तशीच, गुडघे छातीशी दाबून, उचलली. रुबीना किल्ली घेऊन फाटकाकडं पळाली. झोया रडायला लागली. पौर्णिमाच्या खांद्याशी तो श्वास घासत होता, तुटत होता, पुन्हा लागत होता. रेवू मेंदीचे हात लांबवून आपली उघडी पावलं झाकू पाहत होती. हात पुरत नव्हते.

"पायाचे," ती आईच्या कानाशी पुटपुटली, "पायाचे लावाचे राह्यले."