गुलजारबीच्या बागेची वाट

"मी खोटं बोलणार नाय," ठमाबाई म्हणाली.

"खोटं बोल म्हणतंय कोण?" केरू म्हणाला. "हाय तसं सांग."

ठमाबाई लेकाकडं बघतच राहिली. वर्षभर हाच केरू तिला दटावत होता, की कोर्टाच्या भानगडीत तू पडायचं नाय. आणि आज नाशकाहून वकिलाला भेटून आला तो साक्षीचं समन्सच घेऊन. तेही त्याच्याच वकिलानं काढलेलं. पोराला उपरती झाली असावी, असं म्हातारीच्या मनात आलं. आईच ती, तिला तसं वाटायचंच.

भांडण होतं वाटेचं. सायखेड्याला नदीच्या अंगाला गुलजारबीची पेरूची बाग होती. दोन बाजूंना ओढा, एका बाजूला गोदावरीची दरड आणि चौथ्या बाजूला केरूचं वावर. पेरूनं भरलेली बैलगाडी बाहेर काढायची तर ती केरूच्या वावरातूनच. तीस वर्षं ती तशीच निघत होती. चौतीस सालच्या दसऱ्याला केरूनं त्या वाटेवर बाभळीच्या काट्या ओढल्या.

केरू तसा वाईट माणूस नव्हे. शेजाऱ्याचं बरं चाललेलं त्याला बघवत नसे, एवढंच. त्या साली ओढ्याच्या पाण्यातून डोईवर जेवढ्या पाट्या निघाल्या तेवढ्याच निघाल्या, बाकी पेरू झाडाखाली सडला. मग केरूनंच निरोप धाडला, बाग मला देऊन टाका. दर ऐकून गाव हसलं, पण वाट नसलेली बाग दुसरा कोण घेणार? त्या बागेवाचून गुलजारबीपाशी काही नव्हतं. तिच्या मुलानं, नजीरनं, नाशकात दावा लावला. वीस वर्षं वहिवाट असली की वाट आपली होते, असं त्याचा वकील म्हणाला होता. ते आता गावात शेंबड्या पोरालाही पाठ झालं होतं.

ठमाबाईचा जीव तुटत होता. ती आणि गुलजारबी एकाच साली सायखेड्यात नांदायला आलेल्या. एकमेकींची बाळंतपणं काढलेल्या. वर्षभरात केरूनं दोघींना धड बोलू दिलं नव्हतं. पण कोर्टात तिचं तोंड कोण धरणार होतं? वीस सोडा, तीस वर्षं ती स्वतः सांगणार होती. लेकाला राग आला तर येवो, घरात चार दिवस अबोला धरेल.

कोर्टाच्या व्हरांड्यात गुलजारबी दिसली. ठमाबाईला बघून ती लगबगीनं उठली, पण नजीरनं तिचा हात धरून खाली बसवलं. "अम्मा, समोरच्या साक्षीदाराशी बोलायचं नाय. वकीलसाहेबांनी बजावलंय." ठमाबाईला ते पटलं. उगाच कुणी म्हणायला नको, की म्हातारीला पढवून आणलं.

शपथ झाली. केरूचे वकील मोठे गोड बोलणारे.

"बाई, या वाटेनं गाडी कधीपासून जाते?"

"तीस वरसं झाली." तिनं केरूकडं मुद्दाम पाहिलं. तो शांत होता.

"सुरुवात कशी झाली?"

"गुलजारचा मालक, नियाजभाई, बाग लावली तवा आमच्या दारात आला. केरूच्या बापाला म्हणला, दादा, तुमच्या वावरातून गाडी नेऊ का? हे म्हणले, ने की."

"आणि पुढं?"

"पुढं दरसाल. हंगामाच्या आधी यायचा, पेरूची पाटी ठिवायचा, इचारायचा, औंदा नेऊ का? तो गेल्यावर गुलजार यायला लागली. एक साल चुकलं नाय."

"तुम्ही एखाद्या साली नाही म्हणाला असता तर?"

"आमी कशाला नाय म्हणू?"

"समजा म्हणाला असता."

ठमाबाईनं विचार केला. "तर नसती नेली. इचारल्याबिगर दुसऱ्याच्या वावरात पाऊल टाकणारी माणसं नव्हंत ती."

सांगताना तिचा ऊर भरून आला. मग नजीरचा वकील उठला आणि भलतंच विचारू लागला. वयामुळं विसरायला होतं का, दुसऱ्याच कुणाचं ऐकलेलं सांगताय का. ठमाबाईला त्याचा रागच आला. आपण याच्या अशिलाचं भलं करतोय आणि हा आपल्यालाच खोटं पाडतोय.

"माझ्या डोळ्यांम्होरलं हाय," ती ठणकावून म्हणाली. "एक अक्षर बदलणार नाय."

बाहेर आल्यावर तिनं कुणाला जुमानलं नाही. गुलजारबीचे दोन्ही हात धरले. "मी समदं खरं सांगितलं, गुलजार. लपिवलं कायबी नाय." गुलजारबी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. ठमाबाईही रडली. वर्षभराचं साठलेलं होतं.

पंधरा दिवसांनी निकाल लागला. ठमाबाई हट्टानं सर्व्हिस मोटारीत बसून पुन्हा नाशकाला आली होती. साहेबांनी निकाल इंग्रजीतून वाचला. मध्ये दोनदा तिचं नाव आलं तेवढं तिला कळलं. वाचन संपलं तसा केरू उठला आणि सगळ्यांदेखत आईच्या पाया पडला. माफी मागतोय बिचारा, तिला वाटलं. तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"साहेब काय म्हणले?" तिनं केरूच्या वकिलांना विचारलं.

"साहेबांनी तुमचा शब्द न शब्द खरा धरला, आजी," वकील म्हणाले. "स्वतःच्या हक्कानं वीस वर्षं वापरली तर वाट वापरणाऱ्याची होते. दरसाल विचारून वापरली तर ती मालकाची मेहेरबानी, मालकाला वाटेल तेव्हा बंद करता येते. तुमच्या साक्षीवर आपण जिंकलो."